दुपारच्या अर्ध्या तासासाठी : नारायण मेघाजी लोखंडे यांचे जीवनकार्य

रविवारची सुट्टी ज्यांच्या प्रयत्नाने मिळाली ते नारायण मेघाजी लोखंडे, एवढी ओळख आज महाराष्ट्रातील पुष्कळ विद्यार्थ्यांना असते. दरवर्षी १० जून आला की वर्तमानपत्रांतून त्यांचे स्मरण केले जाते. परंतु लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या वतीने जे निवेदन सरकारपुढे ठेवले, त्यात रविवारच्या मागणीला लागूनच दुसरी एक मागणी होती. रोज दुपारी अर्धा तास काम थांबावे, अशी ती मागणी. रविवार लोकांच्या स्मरणात राहिला. अर्धा तास मात्र मागे पडला. या स्मरणिकेच्या निमित्ताने लोखंडे यांचे चरित्र मांडताना आम्ही त्या मागे पडलेल्या अर्ध्या तासाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

याचे कारण आमच्या विद्यालयाच्या रोजच्या जीवनातच आहे. आमच्या वसतिगृहात राहणारी मुले-मुली कष्टकऱ्यांच्या घरांतून आलेली आहेत. अनेकांचे पालक अक्कलकोट रोड एमआयडीसीमध्ये यंत्रमागांवर, टॉवेल आणि चादरींच्या कारखान्यांत, शिलाई व बांधणीच्या कामावर राबतात. दहावी-बारावी झाल्यावर आमच्यातलेच काही विद्यार्थी त्याच रस्त्याने कामाला जाऊ लागतात. त्यांच्या हाती आम्ही गुणपत्रिका देतो, शाळा सोडल्याचा दाखला देतो. परंतु कामाच्या पाळीत आपल्याला किती वेळ बसण्याचा, जेवण्याचा, पाणी पिण्याचा अधिकार आहे, आणि तो अधिकार कोणी मिळवला, हेही त्यांना ठाऊक असले पाहिजे. म्हणून हा लेखनप्रपंच.

नारायणरावांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातल्या कन्हेरसर गावचे, जातीने फुलमाळी. घरची स्थिती बेताची असल्याने मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण होताच त्यांना नोकरी धरावी लागली. प्रथम रेल्वेत, नंतर टपाल खात्यात त्यांनी काम केले. पुढे मुंबईत मांडवी भागातील एका कापड गिरणीत ते भांडारपाल, म्हणजे त्या काळच्या भाषेत स्टोअरकीपर, म्हणून रुजू झाले. ही नोकरी फार काळ टिकली नाही. पण तिने त्यांच्या आयुष्याची दिशा ठरवली. भांडारपालाचा संबंध मालाशी, वह्यांशी आणि हिशेबाशी असतो. त्या हिशेबात सुताचा प्रत्येक पौंड आणि तेलाचा प्रत्येक डबा नोंदला जात असे. माणसाच्या थकव्याची नोंद करणारी वही मात्र त्या गिरणीत नव्हती, आणि दुसऱ्या कोणत्याही गिरणीत नव्हती.

मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची स्थापना १८५४ साली झाली. त्यानंतरच्या तीस वर्षांत परळ, भायखळा, चिंचपोकळी हा सारा भाग गिरण्यांच्या धुराड्यांनी भरून गेला. कोकणातून आणि घाटावरून माणसे येत होती. शेती पिकत नव्हती, सावकाराचे कर्ज फिटत नव्हते, म्हणून ती येत होती. गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. त्यामुळे सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चालत असे. हिवाळ्यात दिवस लहान म्हणून काम थोडे कमी, उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून काम तेरा-चौदा तासांपर्यंत. आठवड्याची सुट्टी ठरलेली नव्हती. सणावाराला गिरणी बंद राहिली तर राहिली; आणि एखाद्या रविवारी बंद असली तरी यंत्रे पुसण्यासाठी कामगारांना बोलावले जात असे. जेवायला ठरावीक वेळ पुष्कळ ठिकाणी नव्हता. फडक्यात बांधून आणलेली भाकरी यंत्रापाशीच, एक डोळा सुतावर ठेवून, खावी लागे.

येथे त्या काळच्या गिरणीची रचना समजून घेणे आवश्यक आहे. साऱ्या गिरणीला एकच वाफेचे इंजिन असे. त्या इंजिनावर एक लांब दांडा फिरे आणि त्या दांड्यावरून चामडी पट्ट्यांनी प्रत्येक खात्यातील यंत्राला गती मिळे. इंजिन फिरत आहे तोवर प्रत्येक यंत्र फिरत राहणार आणि प्रत्येक माणूस उभा राहणार. कामगाराला विसावा द्यायचा तर इंजिनच थांबवायला हवे होते, आणि इंजिन थांबवणे म्हणजे मालकाच्या दृष्टीने कोळसा, वेळ आणि नफा वाया घालवणे. म्हणून दुपारच्या अर्ध्या तासाची मागणी दिसायला लहान असली तरी ती थेट गिरणीच्या काळजाला हात घालणारी होती.

या यंत्रांपाशी लहान मुलेही उभी असत. १८८१ साली हिंदुस्थानात पहिला कारखाने कायदा झाला. त्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली. सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा, एक तासाची विश्रांती आणि महिन्याला चार सुट्ट्या ठरवल्या. सात वर्षांच्या मुलाने नऊ तास काम करणे ही तेव्हाची सुधारणा होती, यावरून आधीची स्थिती ध्यानात यावी. बारा वर्षे पूर्ण झालेला मुलगा कायद्याच्या दृष्टीने प्रौढ ठरत असे, आणि प्रौढ कामगाराच्या तासांवर त्या कायद्याने कोणतेही बंधन घातले नव्हते. शिवाय हा कायदा शंभर किंवा त्याहून अधिक माणसे जेथे काम करतात अशाच कारखान्यांना लागू होता. आजचा सातवी-आठवीतला विद्यार्थी त्या काळी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबणारा पूर्ण कामगार होता.

ही स्थिती पाहणाऱ्या नारायणरावांजवळ एक दृष्टी आधीपासून होती. महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. मुंबईत त्या समाजाचे काम ज्यांनी वाढवले त्यांत लोखंडे अग्रभागी होते. कृष्णराव भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात ‘दीनबंधु’ हे साप्ताहिक सुरू केले होते. बहुजन समाजाचे गाऱ्हाणे मांडणारे हे पत्र आर्थिक अडचणींत सापडले तेव्हा १८८० साली लोखंडे यांनी ते मुंबईत आणले आणि अखेरच्या श्वासापर्यंत चालवले. नोकरी सोडून त्यांनी स्वतःला या कार्यात झोकून दिले. शेतकऱ्याच्या दुःखाबरोबर गिरणी कामगाराचे दुःखही ‘दीनबंधु’च्या स्तंभांतून प्रकट होऊ लागले. फुले आणि भालेकर यांनीही मुंबईत येऊन कामगारांपुढे भाषणे केली. गावातला शूद्रातिशूद्र शेतकरी आणि परळच्या चाळीतला गिरणी कामगार हा एकच माणूस आहे, कर्जापायी गाव सुटल्याने त्याचे नाव तेवढे बदलले आहे, ही जाणीव सत्यशोधक चळवळीला होती. कामगारांच्या प्रश्नाचा उगम आपल्याकडे अशा रीतीने सामाजिक समतेच्या चळवळीतून झाला, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावी.

१८८४ साली मुंबई सरकारने कारखान्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला. अशा आयोगांपुढे मालक जात, व्यवस्थापक जात, डॉक्टर जात. कामगारांचे म्हणणे त्यांच्या वतीने दुसरेच कोणी सांगत. लोखंडे यांनी ही रीत बदलण्याचे ठरवले. २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळच्या सुपारीबागेत त्यांनी कामगारांची सभा भरवली. पाठोपाठ २६ सप्टेंबरला भायखळ्यास दुसरी सभा झाली. या सभांतून बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशन आकाराला आली. भारतातील कामगार संघटनांच्या इतिहासाचा आरंभ या सभांपासून मानला जातो.

सभांनी मान्य केलेल्या निवेदनावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. बहुसंख्य कामगार निरक्षर असलेल्या त्या काळात एवढ्या सह्या व अंगठे गोळा करणे म्हणजे खात्याखात्यांतून आणि चाळीचाळींतून फिरणे होते. निवेदनातील मागण्या पाच होत्या. दर रविवारी पूर्ण सुट्टी मिळावी. दररोज दुपारी अर्धा तास विश्रांती असावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हाती पडावा. आणि कामावर असताना जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी.

या पाच मागण्यांकडे आज आम्ही पाहतो तेव्हा त्यांतील संयम मनात भरतो. आठ तासांचा दिवस त्यांत मागितलेला नाही. पगारवाढही मागितलेली नाही. सूर्यास्तापर्यंत काम करण्याची तयारी आहे. मध्ये अर्धा तास बसू द्या, एवढेच म्हणणे आहे. तरीही ही मागणी मान्य व्हायला सात वर्षे लागली. आयोगाचा अहवाल आला, पण सरकारने त्यावर कायदा केला नाही. गिरणीमालकांचा युक्तिवाद असा होता की हिंदुस्थानातील कामगार हा मुळात सावकाश काम करणारा आहे, तो मधूनमधून बाहेर जाऊन बसतो, विडी ओढतो. त्याला वेगळ्या विश्रांतीची गरज काय? हा युक्तिवाद आजही अनेक कारखान्यांच्या फाटकांवर ऐकू येतो, म्हणून त्याचे उत्तर येथेच द्यावे असे आम्हांला वाटते. मुकादमाची नजर चुकवून घेतलेले पाच क्षण ही विश्रांती नव्हे. त्या पाच क्षणांत माणूस भीत असतो. हक्काची विश्रांती तीच, जिच्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागत नाही आणि जी संपेपर्यंत कोणी हाक मारीत नाही. चोरून मिळालेल्या सवडीचे हक्कात रूपांतर करणे, हेच लोखंडे यांच्या मागणीचे मर्म होते.

न्याय्य इतिहास सांगायचा तर आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. हिंदुस्थानात कारखाने कायदा कडक व्हावा यासाठी इंग्लंडातील लँकेशायरचे गिरणीमालकही आग्रही होते. मुंबईच्या स्वस्त कापडाची स्पर्धा त्यांना जाचत होती. त्यामुळे अनेक देशी पुढाऱ्यांना व वृत्तपत्रांना कामगारांच्या विश्रांतीचा प्रश्न हा परकीय डाव वाटला आणि त्यांनी कायद्याला विरोध केला. लोखंडे यांच्यापुढे अवघड पेच होता. त्यांनी कामगाराच्या बाजूने उभे राहण्याचे ठरवले. मँचेस्टरला कोणता लाभ होतो, या प्रश्नापेक्षा परळच्या कामगाराला दुपारी भाकरी खाता येते की नाही हा प्रश्न त्यांना अधिक महत्त्वाचा वाटला. देशी भांडवल वाढावे याला त्यांचा विरोध नव्हता. पण त्याची किंमत सर्वांत दुबळ्या माणसाने आपल्या शरीराने मोजावी, हे त्यांना मान्य नव्हते.

१८८९ साली कामगारांच्या वतीने पुन्हा निवेदन गेले. मार्च १८९० मध्ये बर्लिन येथे युरोपातील राष्ट्रांची कामगारविषयक परिषद भरली आणि बालकांचे व स्त्रियांचे कामाचे तास हा विषय जगापुढे आला. इकडे २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी उभे राहून भाषण केले. स्त्रीने सार्वजनिक सभेत बोलणेच ज्या काळी दुर्मिळ होते, त्या काळी गिरणीत काम करणाऱ्या स्त्रिया दहा हजारांच्या समुदायासमोर साप्ताहिक सुट्टी मागत होत्या. सावित्रीबाई आणि जोतीराव यांनी ज्या समाजात शिक्षणाचे बीज पेरले, त्याच समाजातले हे दृश्य होते. अखेर १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालक संघाने आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी देण्याचे मान्य केले.

त्याच वर्षी सरकारने कारखाना कामगार आयोग नेमला आणि त्याच्या मुंबईतील चौकशीत स्थानिक सभासद म्हणून लोखंडे यांचा सहभाग होता. आयोगानंतर १८९१ चा सुधारित कायदा झाला आणि १ जानेवारी १८९२ पासून तो अमलात आला. या कायद्याने दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान अर्धा तास काम थांबवणे बंधनकारक केले. साप्ताहिक सुट्टीलाही कायद्याचे पाठबळ मिळाले. स्त्रियांसाठी अकरा तासांची मर्यादा आणि त्यात दीड तासाची विश्रांती ठरली. मुलांचे किमान वय सातवरून नऊ झाले, आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांकडून सात तासांहून अधिक काम घेण्यास बंदी आली. शंभर कामगारांची अट पन्नासावर आली. परळच्या सभेत मागितलेला अर्धा तास अशा रीतीने साऱ्या देशाच्या कायद्यात उतरला.

सोलापूरलाही त्याचा लाभ झाला. आमच्या शहरात १८७७ साली पहिली गिरणी उभी राहिली. तीच पुढे जुनी गिरणी म्हणून ओळखली गेली. नंतर आणखी गिरण्या आल्या आणि गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावणारे शहर अशी सोलापूरची ख्याती झाली. दुपारी काम थांबावे, हे या शहरातील गिरणी कामगाराला कायद्याने मिळाले. त्याच्या मुळाशी मुंबईच्या ५,५०० सह्या होत्या.

लोखंडे यांच्या कार्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्यांच्या संघटनेला आजच्या अर्थाने सभासद वर्गणी नव्हती, निधी नव्हता, लिखित नियमावली नव्हती. संप हे त्यांचे साधन नव्हते. अर्ज, सभा आणि वृत्तपत्र ही त्यांची साधने होती. ते स्वतः यंत्रावर उभे राहणारे कामगार नव्हते. परंतु कामगाराच्या वतीने बोलताना आधी कामगारांनाच एकत्र बोलावून विचारावे, ही पद्धत त्यांनी घालून दिली, आणि पुढच्या सर्व चळवळींनी तिचा स्वीकार केला.

त्यांची करुणा गिरणीच्या फाटकापाशी थांबली नाही. विधवांच्या केशवपनाच्या दुष्ट रूढीविरुद्ध त्यांनी मुंबईतील नाभिक बांधवांना संघटित केले आणि विधवांचे केस कापण्यास नकार देण्याचा निर्धार त्यांच्याकडून करवून घेतला. १८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमानांचा भीषण दंगा उसळला तेव्हा त्यांनी कामगार वस्त्यांत फिरून शांततेसाठी प्रयत्न केले आणि राणीच्या बागेत सलोख्याची मोठी सभा भरवली. सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. १८९६ च्या अखेरीस मुंबईत प्लेग पसरला. धनिक मंडळी शहर सोडून गेली. कामगारांना जायला जागा नव्हती. लोखंडे त्यांच्यातच राहिले. रुग्णांसाठी इस्पितळाची व्यवस्था करीत, आजाऱ्यांची सेवा करीत असताना त्यांनाच प्लेगने गाठले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पन्नाशीही त्यांनी गाठली नव्हती. महिनाभरानंतर, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाई फुले यांनीही देह ठेवला. सत्यशोधक परंपरेतील ही दोन बलिदाने एकाच साथीतली आहेत.

लोखंडे गेले तरी त्यांच्या पाच मागण्यांचा प्रवास थांबला नाही. जखमी कामगाराच्या भरपाईचा कायदा १९२३ साली झाला. वेतन ठरल्या मुदतीत देण्याचा कायदा १९३६ साली झाला. प्रौढ पुरुषांच्या कामाला १९११ साली दिवसाला बारा तासांची मर्यादा आली. १९२२ साली आठवड्याचे साठ तास, १९३४ साली चोपन्न तास झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य असताना त्यांच्या प्रयत्नांतून आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास १९४६ च्या कायद्यात आले. जोतीरावांना गुरू मानणाऱ्या बाबासाहेबांनी जोतीरावांच्या सहकाऱ्याने उचललेला धागा अशा रीतीने पुढे नेला. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाने कायद्याने सलग पाच तासांहून अधिक काम घेऊ नये, त्याआधी किमान अर्धा तास विश्रांती द्यावी, असे स्पष्ट केले. चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात प्रवेश बंद केला.

आता आम्ही अक्कलकोट रोडकडे वळतो. येथील यंत्रमागाला वाफेच्या एका इंजिनाची गरज नाही. प्रत्येक मागाला स्वतःची विजेची मोटार आहे. एक माग थांबला तरी शेजारचा चालूच राहतो. तांत्रिकदृष्ट्या विश्रांती देणे आता सोपे झाले आहे. व्यवहारात ती मिळणे अवघड झाले आहे. पूर्वी इंजिन थांबले की सारे थांबत. आता कोणीच एकदम थांबत नाही, म्हणून कोणालाच निर्धास्तपणे थांबता येत नाही. त्यात मजुरी विणलेल्या मालावर ठरते. माग थांबवला की कामगाराचीच मजुरी बुडते. मग तरुण कामगार एका हाताने डबा खातो आणि दुसऱ्या हाताने तुटलेला धागा जोडतो. बाराबारा तासांच्या पाळीत, मागांच्या कर्कश आवाजात, कापसाच्या तुसात उभे राहून तो अठराव्या-एकोणिसाव्या वर्षीच थकून जातो. त्याला कोणी मुद्दाम उपाशी ठेवलेले नसते. मजुरीच्या रीतीनेच त्याची विश्रांती महाग करून ठेवलेली असते.

या वसाहतीत अनेकांचे घर आणि कारखाना एकाच छताखाली असतात. १८ मे २०२५ रोजी पहाटे येथील एका टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जणांचा मृत्यू झाला. त्यांत मालकाच्या कुटुंबातील माणसे होती आणि तेथेच राहणारे कामगाराचे कुटुंबही होते. राबण्याची जागा आणि निजण्याची जागा एक झाली की काम कोठे संपते आणि विसावा कोठे सुरू होतो याची रेषा पुसली जाते. आणि संकट आले की ते मालक-मजूर असा भेद करीत नाही. म्हणून विश्रांतीचा प्रश्न हा केवळ मजुराच्या बाजूचा प्रश्न आहे, असे आम्ही मानीत नाही.

कायद्याच्या दिशेकडेही सजगपणे पाहिले पाहिजे. कारखाना म्हणून गणना होण्यासाठी वीज वापरणाऱ्या ठिकाणी किती कामगार हवेत, हा आकडा १८८१ साली शंभर, १८९१ साली पन्नास, १९२२ साली वीस आणि १९४८ साली दहा असा उतरत आला. म्हणजे सत्तर वर्षे संरक्षणाचे छत्र रुंदावत गेले. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत तो आकडा पुन्हा वीस झाला आहे. त्याच संहितेत कामाचा दिवस आठ तासांचा सांगितला आहे. मधल्या विश्रांतीचा तपशील मात्र शासनाच्या अधिसूचनेवर सोपवला आहे. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये दिवसाच्या कामाची कमाल मर्यादा नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्यास आणि विश्रांतीपूर्वीच्या सलग कामाची मर्यादा पाचवरून सहा तास करण्यास मान्यता दिली. उद्योग वाढावा, रोजगार वाढावा, हे आम्हांलाही हवे आहे. परंतु पाचाचे सहा होणे ही ज्याला केवळ आकड्यांची बाब वाटते, त्याने दुपारच्या उन्हात पत्र्याखालील मागापाशी सहावा तास उभे राहून पाहावा.

अठरा वर्षांखालील मुलांसाठीचे संरक्षण अधिक कडक आहे, आणि ते आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असावे. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही. घरच्या उद्योगात शाळा सांभाळून केलेल्या मदतीसारखे मोजके अपवाद आहेत. चौदा ते अठरा वयाच्या किशोरांना धोकादायक कामावर ठेवण्यास २०१६ च्या दुरुस्तीने बंदी आहे. अन्य आस्थापनांत तीन तास काम झाल्यावर किमान एक तास विश्रांती, विश्रांती धरून दिवसाला सहा तासांहून अधिक नाही, संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत काम नाही, जादा काम नाही आणि आठवड्याला एक दिवस पूर्ण सुट्टी, असा नियम आहे. सुट्टीत कामाला जाऊन घराला हातभार लावणाऱ्या मुलाचे आम्ही कौतुक करतो; पण त्याने आपला हा एक तास सोडून देऊ नये, असेही आम्ही त्याला सांगतो.

तथागतांनी राजगृहात सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला जो उपदेश केला, त्यात मालकाने सेवकाप्रती पाळावयाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. शक्ती पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, चांगले पदार्थ वाटून खावेत आणि योग्य वेळी विश्रांती द्यावी. त्याचबरोबर सेवकानेही प्रामाणिकपणे व चोख काम करावे, असे सांगितले आहे. लोखंडे बौद्ध नव्हते आणि दीघनिकायातील या सुत्ताशी त्यांचा परिचय असल्याचा दावा आम्ही करीत नाही. तरीही त्यांच्या पाच मागण्या आणि ही पाच कर्तव्ये शेजारी ठेवली की वेतन, आजारपण आणि विसावा या तिन्ही गोष्टी दोन्हीकडे आढळतात. दोन हजारांहून अधिक वर्षांच्या अंतराने माणसाच्या देहाची गरज तीच राहिली आहे. फरक एवढाच, की प्राचीन काळी जे मालकाचे कर्तव्य होते ते आधुनिक काळात कामगाराचा हक्क झाले. कर्तव्य विसरले जाऊ शकते. हक्क मागता येतो.

भारत सरकारने २००५ साली लोखंडे यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. मुंबईतील परळ येथील महाराष्ट्र शासनाच्या श्रम विज्ञान संस्थेला त्यांचे नाव आहे. ज्या परळमध्ये त्यांनी पहिली सभा घेतली तेथेच आज कामगारविषयक अभ्यासक्रम शिकवले जातात, ही समाधानाची बाब आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी पुढे तेथे जाऊन शिकावे, कामगार अधिकारी किंवा कारखाना निरीक्षक होऊन सोलापुरास परत यावे, अशी आमची इच्छा आहे. जे यंत्रमागावर जातील त्यांनी एकट्याने वाद न घालता चार जणांनी मिळून, नम्रपणे व लेखी, आपल्या दुपारच्या सुट्टीची वेळ ठरवून घ्यावी. आणि आमचे जे माजी विद्यार्थी आज दोन-चार मागांचे मालक झाले आहेत, त्यांनी दुपारी अर्धा तास आपल्या शेडमधील सर्व माग एकदम बंद ठेवावेत व त्या अर्ध्या तासाची मजुरी कापू नये. इंजिन थांबवण्यासाठी लोखंडे यांना सात वर्षे झगडावे लागले. येथे एक बटण दाबावे लागते.